अमेरिकेतली शाळकरी पोरं भंगारातला ट्रक पुन्हा रस्त्यावर कसा आणतात?

रील्स बघताना हे तुमच्याही समोर आलं असेल. गंजून गेलेला एक जुना अमेरिकन ट्रक शाळेच्या वर्कशॉपमध्ये येतो आणि तीस सेकंदांत चकाचक होऊन बाहेर पडतो. शेजारी उभी असतात आपल्याकडच्या दहावी-बारावीच्या वयाची पोरं. प्रत्यक्षात हे काम अख्खं शैक्षणिक वर्ष, कधी त्याहून जास्त चालतं. आणि रीलमध्ये जे दिसत नाही, तेच जास्त महत्त्वाचं असतं.

आधी एक घोळ मिटवू. ट्रक म्हटलं की आपल्याला ‘हॉर्न ओके प्लीज’ आठवतं. अमेरिकेत मात्र ट्रक म्हणजे बहुतेक वेळा पिकअप. जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्यांचा एक लाडका पिकअप म्हणजे १९६७ ते १९७२ या काळातला शेवरले सी-टेन. यातला ‘सी’ म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद मिळणारी गाडी आणि ‘टेन’ म्हणजे अर्धा टन वर्गातली. आपण हाच ट्रक धरून चालू.

शाळेत गॅरेज कुठून आलं?

१९१७ साली अमेरिकेत स्मिथ-ह्यूज कायदा झाला. शेती, कारागिरी आणि गृहविज्ञान शिकवण्यासाठी केंद्र सरकारचा पैसा शाळांकडे येऊ लागला. ‘शॉप क्लास’ला त्यातून मोठं बळ मिळालं. पुढे १९८३ मध्ये ‘अ नेशन अॅट रिस्क’ हा अहवाल आला, शाळांचा भर गणित-विज्ञान-इंग्रजीवर गेला आणि कित्येक ठिकाणी वर्कशॉपला कुलूप लागलं. जे टिकले ते वर्ग आज ‘करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन’ या नावाखाली चालतात.

नवी गाडी सोडून जुना ट्रकच का?

कारण तो समजतो. खाली शिडीसारखी चासी, तिच्यावर बोल्टने बसवलेली केबिन आणि मागे हौदा. तिन्ही भाग वेगळे करता येतात, म्हणजे एक गट इंजिनवर, दुसरा पत्र्यावर काम करू शकतो. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत. बॉनेट उघडलं की कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर सगळं समोर. अनेक सी-टेनच्या हौद्याला तर लाकडी फळ्या असायच्या, त्यामुळे सुतारकामाच्या वर्गालाही काम मिळतं. शिवाय या ट्रकचे सुटे भाग आजही नवे बनून विकले जातात.

कामाला सुरुवात कुठून होते?

रंगापासून नाही! रंग शेवटी. चांगले शिक्षक आधी गाडी थांबते का हे बघायला लावतात, चालते का हे नंतर. १९७० पर्यंतच्या सी-टेनला पुढेही ड्रम ब्रेक होते, डिस्क १९७१ पासून आले. त्यामुळे पुढे डिस्क बसवणं हा बहुतेकांचा पहिला बदल.

दुसरी गोष्ट वाचून दचकाल. १९७२ पर्यंत या ट्रकची पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या मागे असायची. म्हणजे ड्रायव्हरच्या पाठीला टेकून पेट्रोल! ती काढून हौद्याखाली चासीवर नेणं हा दिखाव्याचा बदल नाही. पोरं ज्या गाडीत स्वतः बसणार आहेत, तिच्या बाबतीत तर नाहीच.

मग येतो गंज. केबिनचे मागचे कोपरे, दाराखालची पट्टी आणि पायाखालचा पत्रा, या तीन जागा ठरलेल्या. वरून लांबी फासली की गंज झाकला जातो, पण आतून खात राहतो. त्यामुळे सडका पत्रा कापून नवा वेल्ड करायचा. हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवणारं. वेल्डिंग नीट जमलं नाही तर ते लगेच दिसतं, तिथे मार्क मागून घेता येत नाहीत.

इथे धोकाही आहे. त्या काळच्या रंगात शिसं आणि ब्रेक लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. म्हणून सुका रंग घासायचा नाही, ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवायची नाही आणि साधा कापडी मास्क पुरेसा समजायचा नाही.

इंजिनचं म्हणाल तर आधी कॉम्प्रेशन टेस्ट. प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो हे मोजलं की इंजिन उघडायचं की नाही ते ठरवता येतं. मूळ सहा सिलिंडरचं इंजिन ठेवायचं की ३५० क्युबिक इंचाचं, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-एट टाकायचं, यावर वर्गात भांडणं ठरलेली. कॅलिफोर्नियासारख्या कडक राज्यातही १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना नियमित स्मॉग तपासणीतून सूट आहे, त्यामुळे असे बदल तिथे सोपे जातात.

मग आपल्याकडे?

इथे गाडी अडते ती मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ पाशी. आरसीवरचे तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे ठरतील असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. सीएनजी किटसारख्या मंजूर बदलांना परवानगी आहे, रंग बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते. नियम मोडला तर कलम १८२-अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. थोडक्यात, जुना टेम्पो मूळ रूपात दुरुस्त करा, कुणी अडवणार नाही. त्यात दुसरंच इंजिन टाकून रस्त्यावर आणाल तर अडकाल.

शिकायचंच असेल तर रस्ता आहे. दहावीनंतर आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, वेल्डरचा एक वर्षाचा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना कारागिरांसोबत शिकण्याची कल्पना आहे. दहा दिवसांत पाने ओळखू येतील, गंज निघणार नाही.

आणि हे सगळं फक्त अमेरिकेतच होतं असंही नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळमध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलांनी हाताने काम करत शिकायचं, ही तिथली पद्धत. याच आश्रमात जुन्या जीपचे भाग वापरून कमी खर्चाचा छोटा ट्रॅक्टर तयार झाला. त्याचं नाव मेकबुल.