तारापूरचें मेहेरजी घराणें : मक्ता, पेढी आणि इमारती

तारापूरचें नांव निघालें कीं अभ्यासकांस इ. स. १७३९ च्या जानेवारींतील मोर्चे आठवतात. चिमाजी आप्पाच्या फौजेनें सुरुंग लावून हा फिरंगी किल्ला घेतला, आणि त्याच झुंजांत बाजी भिवराव रेटरेकर कामास आला. या प्रसंगावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु किल्ला हातीं आल्यावर पुढें त्याचें काय झालें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. त्याचें उत्तर एका व्यापारी घराण्याच्या इतिहासांत सांपडतें, व तें घराणें नुसतें सावकारी करणारें नसून बांधकाम करणारेंही होतें, म्हणून त्याचा विचार येथें करावयाचा आहे.

ठाणें जिल्ह्याच्या १८८२ सालच्या गॅझेटियरांत असें नमूद आहे कीं, हा किल्ला पेशव्यांनीं तारापूरच्या विकाजी मेहेरजी या पारशी गृहस्थास शंभर वर्षांच्या मुदतीनें इनाम दिला, व ग्रंथ छापला गेला त्या वेळीं तो त्याच्या वारसांकडे होता. गांवच्या पारशी वस्तींतील अग्यारी सुमारें १८२० सालीं याच विकाजीनें बांधिल्याचें तेथें म्हटलें असून, त्याचा निर्देश 'नामांकित मक्तेदार' या अर्थाच्या शब्दांनीं केलेला आहे. मक्तेदार हा शब्द येथें महत्त्वाचा होय. घराण्याच्या इमारतींचें मूळ त्यांत आहे.

जकातीचा मक्ता म्हणजे काय, हें आपल्या वाचकांस सांगावयास नको. ठराविक रक्कम सरकारांत भरावयाची. वसूल उणा पडला तर तोटा मक्तेदाराचा, अधिक झाला तर नफा त्याचा. अर्थात् माल जितका येईल-जाईल तितका मक्ता फळावयाचा. उत्तर कोंकणच्या खाड्यांतून ओहोटीच्या वेळीं गलबत चिखलांत बसतें, आणि पावसाळ्यांत गाडीवाट बुडते. अशा मुलखांत बंदरास धक्का बांधणें, वाट दुरुस्त करणें हीं कामें धर्माचीं तशीं हिशेबाचींही होतीं. विकाजीनें आपल्या मक्त्याच्या प्रांतांत धक्के व रस्ते बांधविले, त्याचा अर्थ या दृष्टीनें लावला पाहिजे. दगड, चुना, सागवान यांवर घातलेला पैसा पुढील हंगामाच्या वसुलांत परत यावयाचा होता. दोसाभाई फ्रामजी कराका याच्या १८८४ सालच्या पारशी लोकांच्या इतिहासांत या घराण्यास जें स्थान मिळालें आहे, तें अशा उद्योगामुळेंच.

मक्त्यांतून पेढी निघाली. विकाजी व त्याचा भाऊ पेस्तनजी यांनीं निजामच्या मुलखांत व्यवहार वाढविला. वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईस नेण्याचा मान याच पेढीकडे जातो. लायल याच्या १८७० सालच्या वऱ्हाड गॅझेटियरप्रमाणें पहिली रवानगी १८२५-२६ सालीं झाली, व ती पांचशे बैलांच्या ओझ्यांची होती. पुढें निजाम सरकारास कर्ज देतां देतां वऱ्हाडचा वसूल या भावांकडे तारण म्हणून आला, आणि औरंगाबादच्या टांकसाळींत पेस्तनजीच्या नांवानें ओळखला जाणारा पेस्तनशाही रुपया पडूं लागला. नाणीं जमविणाऱ्या वाचकांच्या संग्रहीं तो असेलच. तारापूरच्या खाडीवरील एका घराचें नांव गोदावरीकांठच्या बाजारांत रुपयाच्या रूपानें फिरावें, ही गोष्ट साधी नव्हे.

परंतु ज्या आधारावर हा डोलारा उभा होता तो आधार राजाच्या मर्जीचा होता. १८३८ सालीं मुंबई इलाख्यांतील अंतर्गत जकाती उठल्या आणि मक्त्याचा जुना पाया निखळला. १८४३ सालीं हैदराबादेस चंदुलालानें दिवाणगिरी सोडली. पेढीचें घेणें अडकलें, आणि तारणाचा मुलूखही हातचा गेला. १८४७ सालीं सिकंदराबादेस या भावांच्या नांवची अग्यारी प्रतिष्ठित झाली, व १८४८ च्या सुमारास पेढीचें दिवाळें निघालें. घेण्याचा दावा पुढें थेट विलायतेपर्यंत गेला. या दोन सनांतील अंतर ध्यानांत घेण्यासारखें आहे. पेढी बुडाली, अग्यारी उभी राहिली.

येथें तुलनेसाठीं दुसऱ्या एका पारशी घराण्याचा उल्लेख करणें उचित होईल. १८६५ सालीं मुंबईंत लिटलवुड पालनजी या नांवानें सुरू झालेला मिस्त्री घराण्याचा धंदा पुढें शापूरजी पालनजी म्हणून प्रसिद्धीस आला. रिझर्व बँकेची मुंबईंतील जुनी इमारत व ब्रेबोर्न स्टेडियम हीं त्यांचींच कामें. पालघर जिल्ह्यांत विरार येथेंही त्यांनीं घरांची वसाहत उभारली आहे. या घराण्यानें बांधणें हाच धंदा केला, म्हणून तो पिढ्यान् पिढ्या चालला. मेहेरजींचें बांधकाम मक्त्याच्या आश्रयानें वाढलें, म्हणून मक्ता व कर्ज बुडतांच तें थांबलें. दोहोंतील भेद कर्तबगारीचा नसून पायाचा आहे, असें आमचें मत आहे.

आतां जें मुख्यतः सांगावयाचें तें सांगतों. विकाजीचें नांव आपणांस कळतें. पण अग्यारीचे चिरे घडविणारा पाथरवट कोण, वासे तासणारा सुतार कोणत्या गांवचा, चुन्याची भट्टी कोणीं लाविली, मजुरी रोजावर दिली कीं उक्ती, हें मात्र कळत नाहीं. घरें बांधणारीं घराणीं वस्तुतः हींच होत. बापाकडून मुलाकडे हत्यारें व मापें यांच्याच घरीं आलीं. त्यांस सनद कोणी दिली नाहीं. त्यांचा पुरावा असला तर सावकारांच्या वह्यांत, मजुरीच्या खर्ड्यांत, लाकडाच्या व चुन्याच्या पावत्यांत असावयाचा. आणि आपण संग्राहक काय करतों? शिक्क्याचा कागद दिसला कीं उचलतों, आणि त्याच रुमालांतील खर्डे रद्दी म्हणून मागें ठेवतों. हा दोष आमचाही आहे.

ही गोष्ट आतां लांबणीवर टाकण्यासारखी राहिलेली नाहीं. १८६४ सालीं आगगाडी मुंबईपर्यंत पोंचल्यावर रहदारी खाडी सोडून बोईसरकडे वळली. १९६९ सालीं तारापूरची अणुवीज सुरू झाली, औद्योगिक वसाहत उभी राहिली, २०१४ सालीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. या घडामोडींबरोबर बोईसर-पालघर पट्ट्यांत नवीं घरें वेगानें उठत आहेत, व जुनीं कौलारू घरें तितक्याच वेगानें उतरत आहेत. घर उतरतांना सागवान विकलें जातें; माळ्यावरील वह्या जाळल्या जातात किंवा पावसांत कुजतात. तारापूर, चिंचणी, केळवें, माहीम येथील ज्या घरीं जुन्या गुजराती वह्या किंवा मोडी रुमाल असतील, त्यांनीं घर पाडण्यापूर्वीं ते एकदां जाणकारास दाखवावे. आणि आमच्या संग्राहक मित्रांनीं रुमाल मिळाल्यास तो फोडूं नये, संपूर्ण घ्यावा. किल्ल्याचा इनामदार कोण होता हें गॅझेटियर सांगेल. भिंत कोणीं रचली हें मात्र त्या खर्ड्यांवांचून दुसरें कोणी सांगणार नाहीं.