चावी फिरवली तरी लॉन मोअर गप्पच? आवाजावरून ओळखा बिघाड कुठे आहे

अमेरिकेत एप्रिल उजाडला की गवत झपाट्याने वाढू लागतं आणि हिवाळाभर गॅरेजमध्ये पडून असलेला रायडिंग लॉन मोअर बाहेर निघतो. ट्रॅक्टरसारखं वर बसून चालवायचं हे गवत कापायचं यंत्र. घराभोवतीची जागा अर्धा एकर, म्हणजे आपल्या हिशेबात २० गुंठे किंवा त्याहून जास्त असेल, तर ते घेतलं जातं. न्यू जर्सी, टेक्सास, नॉर्थ कॅरोलायना इथल्या उपनगरांत घर घेतलेल्या अनेक मराठी कुटुंबांकडेही ते असतं. गवत फार वाढलं तर बऱ्याच वसाहतींमध्ये घरमालक संघटनेची नोटीस येते. आणि नेमकी त्याच वेळी चावी फिरवल्यावर मशीन ढिम्म!

अशा वेळी बहुतेकदा इंजिन बिघडलेलं नसतं. बॅटरी, जुनं पेट्रोल किंवा सेफ्टी स्विच, यांपैकीच काहीतरी असतं. त्यातलं नेमकं कोणतं, हे चावी फिरवल्यावर येणाऱ्या आवाजावरून बरंच कळतं.

काहीच आवाज नाही

आधी ब्रेकचं पेडल पूर्ण दाबलंय का आणि ब्लेड सुरू करायचं बटण बंद आहे का, ते बघा. या दोनपैकी एक जरी चुकलं तरी स्टार्टरला वीजच मिळत नाही. काही मॉडेलमध्ये सीटवर माणसाचं वजनही लागतं. हे सगळं बरोबर असेल तर फ्यूज तपासा आणि बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमलीय का ते पाहा. ती ब्रशने साफ करून नट घट्ट केले की अनेकदा काम होतं. अजून एक संशयित म्हणजे उंदीर. थंडीत ते इंजिनच्या कव्हरखाली घरटं करतात आणि वायरी कुरतडतात.

नुसतं टक् किंवा टकटकटक

सलग टकटक म्हणजे जवळपास नक्कीच बॅटरी उतरली आहे. मल्टिमीटर लावा. पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली आकडा असेल तर ती रिकामीच समजा. छोट्या चार्जरने रात्रभर चार्ज करा. तरीही आकडा टिकत नसेल तर बॅटरी बदलायची. बॅटरी भरलेली असून एकच 'टक्' येत असेल तर सोलेनॉइड, म्हणजे स्टार्टरला वीज देणारा छोटा स्विच, किंवा त्याची वायर तपासा.

इथे एक गंमत आहे. काही इंजिनं अर्धा फेरा मारतात, अडखळतात आणि थांबतात. बॅटरी कमजोर आहे असं वाटून लोक नवी आणतात, तरी तेच. एक सिलिंडर असलेल्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या इंजिनांमध्ये हे बरेचदा व्हॉल्व्हमधलं अंतर वाढल्यामुळे होतं. सुरू होताना सिलिंडरमधला दाब थोडा कमी करणारी यंत्रणा मग काम करत नाही आणि स्टार्टरचा जोर पुरत नाही. बॅटरीवर पैसे घालण्याआधी हे अंतर तपासून घेतलेलं बरं.

इंजिन फिरतं, पण पेटत नाही

आता संशय पेट्रोलवर. साठवलेलं पेट्रोल साधारण ३० दिवसांत खराब व्हायला लागतं. अमेरिकेत बहुतेक पंपांवर त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत मग चिकट थर बसतो. (१५ टक्के इथेनॉलचं पेट्रोल तर तिथे मोअरमध्ये वापरायला परवानगीच नाही.) कोकणात बागेतला पेट्रोलवरचा ग्रास कटर वर्षभर पडून राहिला की रुसतो, त्यामागेही बऱ्याचदा हेच असतं.

जुनं पेट्रोल काढून ताजं भरा. चावी 'ऑन' केल्यावर कार्ब्युरेटरच्या तळाशी हलकासा 'टक्' येतो का, ऐका. बऱ्याच मॉडेलमध्ये तिथे पेट्रोल सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह असतो. तो उघडला नाही तर इंजिन कितीही फिरवा, उपयोग नाही. मग स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर. प्लग काळाकुट्ट झाला असेल तर बदला, फार खर्च नाही. सुरू होऊन दोन-चार मिनिटांनी बंद पडत असेल तर टाकीचं झाकण सैल करून बघा. झाकणातलं हवेचं छिद्र बुजलेलं असू शकतं.

सीटखालचा स्विच 'बायपास' करू नका

'सीटच्या स्विचच्या दोन वायरी जोडून टाका, मशीन सुरू होईल' असं सांगणारे व्हिडिओ सहज सापडतात. सुरू होतंही. पण ब्लेड चालू असताना माणूस सीटवरून उठला किंवा पडला तर इंजिन बंद करणं, हेच त्या स्विचचं काम. ब्लेडचं टोक ताशी ३०० किलोमीटरहून जास्त वेगाने फिरू शकतं आणि आजूबाजूला बहुधा मुलं खेळत असतात. अमेरिकेत ढकलत चालवायच्या मोअरसाठी १९८२ पासून सरकारी नियम आहे. हँडल सोडल्यावर ३ सेकंदांत ब्लेड थांबलंच पाहिजे. रायडिंग मोअर त्या नियमात येत नाहीत. तिथे उद्योगाने स्वतः ठरवलेलं मानक आहे, आणि त्याचा मोठा भार अशाच स्विचवर आहे. स्विच खराब असेल तर नवा बसवा.

तपासणी करताना चावी काढून ठेवा. ब्लेडजवळ हात घालायचा असेल तर स्पार्क प्लगची वायरही काढा. सुरू करून बघायचं तर मशीन गॅरेजबाहेर आणा, कारण बंद जागेत इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेतू शकतो.

एवढं करूनही सुरू झालं नाही तर मेकॅनिक. वसंतात त्यांच्याकडे रांग असते. फोन करताना मॉडेल नंबर (बहुतेकदा सीटखालच्या पट्टीवर असतो), बॅटरीचे व्होल्ट आणि चावी फिरवल्यावर येणारा आवाज सांगितला, तर तो लागणारा सुटा भाग सोबतच घेऊन येऊ शकतो.