आवडत नाही आणि चालत नाही

मागच्या शनिवारी आमच्या स्टाफरूममध्ये बियरवरून वाद झाला. गणिताचे सर पुण्याला पुतण्याकडे जाऊन आले होते. बियर तिथल्या तिथे तयार करून देतात अशा एका ठिकाणी पुतण्याने त्यांना नेले आणि मोठ्या कौतुकाने ‘क्राफ्ट बियर’ पाजली. सरांची घोर निराशा झाली. “कडुलिंबाचा काढा, आणि वर एवढे पैसे!” असे त्यांचे म्हणणे. आमचे पी.टी.चे शिक्षक तरुण आहेत. ते म्हणाले, “सर, तो कडवटपणाच तर तिची खासियत आहे. तुमची जीभ बाटलीतल्या बियरला सोकावलेली.” दोघेही हटेनात, तेव्हा एक मॅडम म्हणाल्या, “आपल्या उर्दूच्या सरांना पंच करा. ते पीत नाहीत, म्हणजे निःपक्षपाती!”

सगळे हसले, मीही हसलो. पण मला पाचशे वर्षांपूर्वीचा, मक्केतला एक साक्षीदार आठवला. पेयाच्या चवीवर साक्ष द्यायला गेला आणि फटके खाऊन बसला. त्याची गोष्ट पुढे येईलच. त्याआधी थोडे मागे जावे लागेल.

माझ्यासाठी बियर हा चवीचा प्रश्न नाही, हे आधीच सांगतो. तो प्रश्न माझ्यापुरता चौदाशे वर्षांपूर्वीच सुटला आहे. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांना यमनला पाठवले गेले, तेव्हा त्यांनी पैगंबरांना (स.) तिथल्या दोन पेयांविषयी विचारले होते. एक मधापासून केलेले, त्याचे नाव ‘बित्अ’. दुसरे जवापासून केलेले, त्याचे नाव ‘मिज्र’. जवाचे आंबवलेले पेय म्हणजे बियरच. उत्तर छोटे होते. नशा आणणारी प्रत्येक गोष्ट हराम. या उत्तरात चवीचा उल्लेख नाही. पेय कडू की गोड, देशी की परदेशी, श्रीमंताचे की गरिबाचे, यातले काही नाही. कसोटी एकच, नशा.

गंमत अशी की त्याच यमनमधून सुमारे साडेआठशे वर्षांनी आणखी एक पेय मक्केत आले आणि सगळा प्रश्न नव्याने उभा राहिला. ते पेय म्हणजे कॉफी.

कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाचे. पण तिचे पेय म्हणून चलन पंधराव्या शतकात यमनच्या सूफी मंडळींत सुरू झाले. रात्री जागून जिक्र करायचे तर झोप आवरायला हवी, आणि ते काम कॉफी करत असे. अब्दुल कादिर अल-जजीरी या लेखकाने १५५८ च्या सुमारास कॉफीच्या वादावर अरबीत एक ग्रंथच लिहिला. त्यात कैरोच्या अल-अजहरजवळ राहणाऱ्या यमनी सूफींचे वर्णन येते. सोमवारी आणि शुक्रवारी रात्री ते जमत. लाल मातीच्या मोठ्या भांड्यात कॉफी असे. त्यांचा प्रमुख लहान पळीने ती काढून उजवीकडून एकेकाला देत जाई आणि तोंडाने जिक्र चालू असे. आज ज्या पेयाभोवती तरुण मुले लॅपटॉप उघडून बसतात, ते एकेकाळी रात्रीच्या इबादतीचे पेय होते.

पण या पेयाचे नावच अडचणीचे होते. ‘कहवा’ हा शब्द जुन्या अरबी काव्यात दारूसाठी वापरला जाई. भूक मारणारी ती ‘कहवा’, असे कोशकार सांगतात. नव्या पेयाला जुन्या दारूचे नाव मिळाले आणि नावामागोमाग संशयही आला.

जून १५११. मक्का तेव्हा कैरोच्या ममलूक सुलतानाच्या अमलाखाली होती. खैर बेग हा तिथला मुहतसिब, म्हणजे बाजारावर आणि सार्वजनिक वागणुकीवर देखरेख करणारा अधिकारी. एका रात्री काबागृहाकडून परतताना त्याला काही माणसे कंदील लावून एकत्र बसलेली दिसली. त्याला पाहताच त्यांनी कंदील विझवले. चौकशीत कळले की ती कहवा पीत होती आणि हे पेय गावात ठिकठिकाणी विकले जाते. दुसऱ्या दिवशी खैर बेगने उलेमांची सभा बोलावली.

या सभेचा वृत्तांत मी अनेकदा वाचला आहे. जमून धिंगाणा करणे वाईट, यावर सर्वांचे एकमत झाले. पेयाबद्दल मात्र उलेमा सावध होते. शरियतचा मूळ नियम असा की, जी गोष्ट मना असल्याचे सिद्ध होत नाही, ती मुबाह, म्हणजे मुभा असलेली. सिद्ध करण्याची जबाबदारी बंदी मागणाऱ्यावर असते. मग खैर बेगने दोन हकीम हजर केले. हे दोघे सख्खे भाऊ. त्यांनी सांगितले की कॉफी प्रकृतीने थंड आणि कोरडी असल्याने अपायकारक आहे. त्यानंतर साक्षीदार पुढे आले. त्यातल्या एकाने जोरात सांगितले की कॉफीने अगदी दारूसारखीच नशा येते. सभेत हसू पिकले. कारण ‘दारूसारखी’ म्हणायला दारूची चव माहीत असावी लागते! विचारल्यावर त्याने प्यायल्याचे कबूल केले आणि शिक्षा झाली त्यालाच. स्टाफरूममध्ये मला आठवला तो हा माणूस.

तरीही बंदी झाली. कॉफीची पोती जाळली गेली, विकणाऱ्यांना आणि पिणाऱ्यांना मार बसला. कागदपत्रे कैरोला सुलतान कानसूह अल-गौरीकडे गेली. तिथून जो हुकूम आला, त्यात गैरवर्तनाच्या बैठकींना मनाई होती, पण पेयावर सरसकट बंदी नव्हती. पुढच्याच वर्षी खैर बेगच्या जागी दुसरा अधिकारी आला आणि मक्केत पुन्हा कॉफी उकळू लागली.

याच्या शेजारी दुसरी घटना ठेवून पाहण्यासारखी आहे. १५३० च्या दशकात कैरोत एका वाइजच्या भडक प्रवचनानंतर जमावाने कॉफीची दुकाने फोडली. प्रकरण हनफी काझीसमोर गेले. काझीने काय केले? स्वतःच्या घरी कॉफी करायला लावली, काही लोकांना बोलावून ती पाजली आणि त्यांच्याशी बराच वेळ गप्पा मारत बसला. कुणाची जीभ अडखळते का, कुणाची शुद्ध हरपते का, हे तो पाहत होता. तसे काहीच घडले नाही. काझीने कॉफीच्या बाजूने निर्णय दिला.

एकाने विझलेले कंदील पाहिले आणि ठरवून टाकले. दुसऱ्याने पेला भरून समोर ठेवला आणि पाहिले. मुसलमानांच्या इतिहासात ही दोन्ही माणसे आहेत. आपल्याला आठवतो तो बहुतेक वेळा पहिला. दुसऱ्याची आठवण आपण मुलांना सांगत नाही, याचे मला शिक्षक म्हणून वाईट वाटते.

वाद तिथे संपला नाही. १५५५ च्या सुमारास अलेप्पोचा हकम आणि दमास्कसचा शम्स या दोघांनी इस्तंबूलमध्ये कॉफीखाना काढला, असे इतिहासकार पेचेवी सांगतो. लोक तिथे बुद्धिबळ खेळू लागले, कविता ऐकवू लागले. काही वाइजांना मशिदी ओस पडण्याची भीती वाटली आणि दरबाराला कारस्थानांची. १६३३ मध्ये सुलतान चौथ्या मुरादने कॉफीखाने बंद पाडले. पण लोकांची कॉफी सुटली नाही.

या सगळ्या गदारोळात मला आवडतो तो कातिब चेलेबी. हा तुर्की विद्वान. १६५६ मध्ये, मृत्यूच्या एक वर्ष आधी, त्याने आपल्या काळातल्या धार्मिक भांडणांवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात कॉफीवरही प्रकरण आहे. बंदी घालून लोकांची सवय मोडत नाही, हे त्याने ओळखले होते. कॉफीबद्दल तो जुन्या वैद्यकाच्या भाषेत सांगतो की ज्याची प्रकृती कोरडी, त्याला ती जास्त प्रमाणात मानवणार नाही, ज्याची ओलसर त्याला मानवेल. म्हणजे एकच पेला, पण पिणारे वेगळे. आजचे वैद्यक ही भाषा वापरत नाही, पण त्यामागचा समजूतदारपणा जुना झालेला नाही.

चवीला धर्म, देश किंवा नीतीचे कपडे घालायची सवय फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. इंग्रज प्रवासी जॉर्ज सँडिस १६१० मध्ये इस्तंबूलला गेला, तेव्हा त्याला कॉफी काजळीसारखी काळी वाटली, आणि चवही काजळीहून फार वेगळी वाटली नाही. जहांगीरच्या काळात सर टॉमस रो याच्याबरोबर हिंदुस्थानात असलेला पाद्री एडवर्ड टेरी लिहितो की धर्माने कडक असलेले इथले लोक दारू पीत नाहीत, कॉफी पितात. त्याच्या मते ती चवदार कमी, हितकारक जास्त. दोघांनी नावड नोंदवली आणि विषय सोडला. पण इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६७५ च्या डिसेंबरात कॉफीगृहे बंद करण्याचा हुकूम काढला. लोक इतके खवळले की दहा-बारा दिवसांत तो मागे घ्यावा लागला.

सर्वात मजेशीर प्रशियाचा राजा फ्रेडरिक. १७७७ मध्ये त्याने प्रजेला बजावले की कॉफी सोडा आणि बियर प्या. आपण स्वतः बियरवर वाढलो, आपले पूर्वजही बियरवरच वाढले, असे त्याचे म्हणणे. खरे दुखणे वेगळे होते. कॉफीपायी देशाचा पैसा बाहेर जात होता. पुढे त्याने कॉफी भाजण्यावर सरकारी मक्तेदारी आणली आणि चोरून कॉफी भाजणारे पकडण्यासाठी गल्लीबोळांतून वास घेत हिंडणारी माणसे नेमली. मक्केत कॉफी दारूसारखी म्हणून वाईट ठरली होती, तर बर्लिनमध्ये ती बियरसारखी नाही म्हणून. पेय एकच, पण प्रत्येक ठिकाणी निवाडा करणाऱ्याच्या मनात आधीच काही होते.

ज्यांना ती आवडली, त्यांच्यातही एकमत कधी नव्हते. यमनमध्ये बियांपेक्षा त्यांच्या वाळलेल्या सालींचे, सुंठ घातलेले ‘किश्र’ घरोघरी पितात. आखाती अरब बिया हलक्या भाजून, वेलची घालून, बिनसाखरेची पितात. तुर्कांना ती दळून मैद्यासारखी बारीक केलेली आणि गाळासकट लागते. आपल्याकडे बाबा बुडन यांनी हजहून येताना मोखाच्या सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगराखालच्या मुलखात ती चिकोरी मिसळून, दूध-साखर घालून पितात. यमनच्या माणसाला ही फिल्टर कॉफी खीर वाटेल. वाटू दे.

आता दस्तरखानावरची एक गोष्ट. हदीसच्या ग्रंथांत ती प्रसिद्ध आहे. उम्मुल मोमिनीन हजरत मैमूना (रजि.) यांच्या घरी पैगंबरांसमोर (स.) ‘दब्ब’ भाजून ठेवला गेला. दब्ब म्हणजे वाळवंटात सापडणारा, आपल्याकडच्या सांड्यासारखा प्राणी. तो काय आहे हे सांगितल्यावर पैगंबरांनी हात मागे घेतला. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) शेजारी होते. त्यांनी विचारले की हा हराम आहे का? पैगंबर म्हणाले, नाही, पण आमच्या लोकांच्या मुलखात हा नसतो, म्हणून मला नको वाटतो. खालिद यांनी ते ताट आपल्याकडे ओढले आणि पैगंबरांच्या देखत खाल्ले.

या प्रसंगावर पुढे फुकहांची मते वेगळी झाली. शाफई त्याला हलाल म्हणतात, हनफी मकरूह. मतभेद आपल्याला नवे नाहीत. रत्नागिरीचे शाफई घर समुद्रातले जे जीव आवडीने शिजवते, त्यातले काही त्यांच्याकडे आलेला घाटावरचा हनफी पाहुणा पुढे सरकवतो. पण दोघे एकाच दस्तरखानावर बसतात. मला त्या हदीसमध्ये याहून मोठी गोष्ट दिसते. ज्यांच्या शब्दावर हलाल-हराम ठरत होते, त्यांनी स्वतःची नावड ही नावड म्हणूनच सांगितली. तिचा कायदा केला नाही.

हे मी कुणाला शिकवण्यासाठी लिहीत नाही. खैर बेगसारखा मी स्वतः वागलो आहे. माझा भाचा कॉलेजात आहे. संध्याकाळी मित्र-मैत्रिणींसोबत एका कॉफीच्या दुकानात बसतो, हे मला कुणीतरी सांगितले. मी त्याला बोलावले आणि करड्या आवाजात म्हणालो, “हे आपल्याकडे चालत नाही.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मामू, हराम आहे की तुम्हाला आवडत नाही?”

मला उत्तर देता आले नाही. मी त्या दुकानात पाऊलही टाकले नव्हते. बाहेरून फक्त मंद दिवे पाहिले होते.

नंतर एकदा तो मला तिथे घेऊन गेला. शेजारच्या टेबलावर दोन मुली अकाउंट्सची गणिते सोडवत होत्या. भाच्याने माझ्यासाठी त्यांची खास, बिनदुधाची कॉफी मागवली. मला ती चिंचेच्या कोळासारखी आंबट लागली. किंमत पाहून तर घशाखाली उतरेना. अर्धी तशीच ठेवली. भाच्याने माझा कप आपल्याकडे ओढला आणि संपवला. मी पाहत होतो, आणि या वेळी मी काही बोललो नाही.

सोमवारी स्टाफरूममध्ये गणिताच्या सरांनी निकाल मागितला. मी म्हणालो, “सर, माझ्या बाबतीत ती चालत नाही, तुमच्या बाबतीत ती आवडत नाही. दोन वेगळे खटले आहेत. एकत्र चालवता येणार नाहीत.” आणि शिपायाने आणलेला, जास्त साखरेचा, कुणालाच मनापासून न आवडणारा चहा आम्ही सगळ्यांनी घेतला.