लिनक्स डेस्कटॉपची दर्शनी भाषा

संगणकाच्या पडद्यावरील मेनू, बटणे आणि सूचना ज्या भाषेत दिसतात ती दर्शनी भाषा. लिनक्समध्ये ती ‘लोकेल’वरून, म्हणजे भाषा आणि प्रदेश यांच्या जोडीवरून ठरते. भारतातील मराठीसाठी ही जोडी ‘एमआर-आयएन’, कोकणीसाठी ‘केओके-आयएन’.

ग्नोम आणि केडीई या दोन्ही डेस्कटॉपांच्या सेटिंग्जमध्ये ‘रीजन अँड लँग्वेज’ या पानावर भाषा निवडता येते. यादीत मराठी नसेल तर उबुंटूवर ‘लँग्वेज सपोर्ट’मधून ती बसवावी, फेडोरावर ‘लँगपॅक्स-एमआर’ हे पॅकेज घ्यावे. त्यानंतर लॉग आउट करून पुन्हा आत यावे लागते, कारण प्रोग्रॅम आपली भाषा सुरू होतानाच ठरवतात. ही निवड त्या खात्यापुरती असते. साऱ्या यंत्रासाठी प्रशासकाने ‘लोकेलसीटीएल’ ही आज्ञा वापरावी. नव्या भाषेत पहिल्यांदा शिरल्यावर ग्नोम ‘डॉक्युमेंट्स’, ‘डाउनलोड्स’ या फोल्डरांची नावेही बदलायची का, असे विचारते. तेथे जुनी नावे ठेवणेच बरे. नाहीतर त्या नावांवर विसंबलेल्या स्क्रिप्ट अडतात.

मराठी निवडूनही पडदा अर्धा इंग्रजी राहतो, हा बहुतेकांचा अनुभव. त्याचे कारण ‘गेटटेक्स्ट’ या भाषांतरयंत्रणेत आहे. तिच्यात मूळ इंग्रजी वाक्य हीच शोधाची खूण असते. भाषांतरकार ‘पीओ’ फाइलमध्ये ‘सेव्ह’समोर ‘जतन करा’ असे भरतो. तिची ‘एमओ’ फाइल बनते आणि प्रोग्रॅम तीच वाचतो. समोरची जागा रिकामी असेल तर इंग्रजी वाक्य जसेच्या तसे पडद्यावर येते. मूळ वाक्यात एक शब्द बदलला, तरी त्याचे जुने भाषांतर ‘फझी’ ठरू शकते आणि कोणी तपासेपर्यंत एमओमध्ये येत नाही. म्हणून कालपर्यंत मराठी असलेला मेनू नव्या आवृत्तीत इंग्रजी होतो. यात वापरणाऱ्याचे काही चुकलेले नसते. भाषांतराला हात कमी पडत असतात. ग्नोमचे हे काम ‘डॅम्ड लाइज’ या संकेतस्थळावरून चालते. मराठीच्या फायली तेथून कोणालाही उतरवून घेता येतात, आणि या कामाला माणसे मिळायलाच हवीत.

‘लँग्वेज’ या चलात भाषांचा क्रम देता येतो: मराठी वाक्य नसेल तर हिंदी, तेही नसेल तर इंग्रजी. ‘एलसी-टाइम’ वेगळा ठेवला की मेनू मराठी आणि तारखा इंग्रजी अशी मांडणी जमते. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस यांची भाषापॅकेजे बहुधा स्वतंत्रपणे बसवावी लागतात. अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर देवनागरी फाँट नाही असे समजावे. लोहित किंवा नोटो बसवला की ते जातात. कीबोर्ड मात्र दर्शनी भाषेबरोबर बदलेलच असे नाही; मराठी इनस्क्रिप्ट इनपुट सोर्समध्ये वेगळा जोडावा.

एखादी त्रुटीसूचना इंग्रजीत हवी असेल, तर आज्ञेआधी ‘एलसी-ऑल’चे मूल्य ‘सी’ द्यावे. तेवढ्या आज्ञेपुरते मूळ इंग्रजी दिसते.