वीतभर मोटारीवरची नावे

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, आमच्या कंधारला पोळा जवळ आला म्हणजे कुंभाराच्या अंगणात मातीचे बैल ओळीने वाळत घातलेले दिसतात. कोणास चुन्याचा पांढरा हात, कोणास काव, तर कोणाच्या शिंगांस हिंगूळ. खऱ्या बैलाची ती लहानशी प्रतिकृतीच होय. ज्याच्या गोठ्यात बैल नाही, तो ती जोडी पाटावर मांडून तिची पूजा करितो. तेव्हा खऱ्या वस्तूचा लहान नमुना करून त्यात जीव गुंतविणे ही गोष्ट आम्हांस काही नवी नव्हे. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा तेरा वर्षांचा नातू पुण्याहून एक पेटी घेऊन आला, आणि त्या पेटीने मज म्हाताऱ्या इतिहासशिक्षकास चांगलेच कोड्यात टाकिले. ती हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

पेटीत अमेरिकेतील शर्यतीच्या एका मोटारीचे प्लास्टिकचे सुटे भाग होते. ते सोडवावयाचे, कानशीने घासावयाचे, डिंकासारख्या द्रवाने जोडावयाचे आणि रंगवावयाचे. माप चोवीसास एक. म्हणजे खऱ्या गाडीच्या दोन फुटांस नमुन्यात एक इंच. पाच मीटरांहून थोडी अधिक लांब असलेली मोटार या मापाने बरोबर वीतभर होते. या जातीच्या मोटारीस 'स्टॉक कार' म्हणतात. स्टॉक म्हणजे दुकानातील शिलकी माल. स्टॉक कार म्हणजे कोणासही दुकानातून विकत मिळावी अशी साधी गाडी. अमेरिकेत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती. त्या काळात दक्षिणेकडील डोंगराळ मुलुखात चोरटी दारू वाहणारे लोक बाहेरून साध्या दिसणाऱ्या मोटारींत भक्कम यंत्र बसवून पोलिसांच्या हातावर तुरी देत. पुढे हेच चालक आपापसांत शर्यती लावू लागले. १९४७ च्या डिसेंबरात डेटोना बीच या गावी एका हॉटेलात बिल फ्रान्स याने शर्यतवाल्यांची बैठक भरविली, आणि २१ फेब्रुवारी १९४८ रोजी 'नॅसकार' ही संस्था स्थापन झाली. केवळ दुकानी गाड्यांची तिची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे झाली. आपल्याकडे शेतात राबणारा बैलच शंकरपटात धावतो, तद्वतच हा प्रकार म्हणावयाचा.

आता या गाड्यांचे रूप पाहावे तर नखशिखांत नावांनी भरलेले! टपावर व दारावर मोठा आकडा, आणि उरलेल्या सर्व अंगावर तेलाच्या, टायरांच्या, रंगांच्या कारखान्यांची नावे. शर्यतीचा खर्च जो देतो त्याचे नाव गाडी मिरविते. रिचर्ड पेटी हे एका थोर चालकाचे नाव. दोनशे शर्यती त्याने जिंकल्या. त्याची ४३ क्रमांकाची गाडी आकाशासारख्या निळ्या रंगाची असे. १९७२ साली एस. टी. पी. या तेलकंपनीने त्यास आश्रय देऊ केला, परंतु गाडी सगळी आमच्या लाल रंगाची हवी, असा आग्रह धरिला. पेटी आपला निळा रंग सोडीना. अखेर निळा व लाल असे दोन्ही रंग घेऊन तडजोड झाली, आणि त्याच जोडरंगाने ती गाडी पुढे प्रसिद्धीस आली. पैसा देणाराने किती मागावे आणि घेणाराने किती द्यावे, याचा हा एक बोलका दाखला आहे.

नमुन्यावर ही नावे हाताने लिहिणे शक्य नाही. काही अक्षरे मोहरीहूनही बारीक असतात. त्यासाठी 'डेकल' वापरितात. पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाचा थर दिलेल्या कागदावर नाव छापलेले असते. तो तुकडा कोमट पाण्यात बुडवून थोडा वेळ थांबावे. गोंद सुटला की चित्राचा तलम पापुद्रा कुंचल्याने सरकवून गाडीवर घ्यावा आणि फडक्याने अलगद टिपावा. खालचा रंग आधी गुळगुळीत व चकचकीत असला पाहिजे. नाहीतर पापुद्र्याखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसू लागतात. कागदावरून चित्र उतरविण्याची ही युक्ती जुनी आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडातील कारागीर चिनी मातीच्या भांड्यांवर अशीच चित्रे उमटवीत असत.

आमच्या गावातील मोटारसायकलींवर नावे घालणाऱ्या रेडियमवाल्याकडे मी नातवास प्रथम घेऊन गेलो. परंतु रेडियमचा पापुद्रा पडला जाड. दहावा हिस्सा मिलिमीटर जाडी चोवीसपट केली, तर खऱ्या गाडीवर जवळजवळ अडीच मिलिमीटरांचा पत्रा ठोकल्यासारखे दिसावयाचे! म्हणून डेकलचा कोरा कागद टपालाने मागविला.

आपण विचाराल, पेटीत नावांचा छापील कागद असताना कोरा कागद कशास हवा? खरे कोडे येथेच आहे. पेटीवरील गाडी ज्या मूळ गाडीची नक्कल, तिचे जुने छायाचित्र नातवाने मिळविले होते. त्यात गाडीच्या दोन्ही कुशींवर एका सिगारेटचे नाव मोठ्या अक्षरांत होते. पेटीतील कागदावर त्या जागी काहीच नव्हते. मुलांच्या हाती जाणाऱ्या वस्तूवर तंबाखूचे नाव नको, म्हणून नंतरच्या काळात नमुने काढणाऱ्या अनेक कारखानदारांनी ती नावे गाळून टाकिली. नातवास ते नाव स्वतः छापून घालावयाचे होते. मी नको म्हणताच तो म्हणाला, "आजोबा, इतिहासात जे होते ते झाकू नये, असे तुम्हीच सांगता ना?"

श्रोतेहो, यावर मजजवळ तत्काळ उत्तर नव्हते. माझा धाकटा भाऊ नांदेड, लातूर, हैदराबाद या वाटेवर पंचवीस वर्षे मालमोटार हाकीत असे. रात्रीची झोप उडविण्यासाठी त्याने तंबाखूची चिमूट गालात धरिली, ती पुढे सुटली नाही. मुखाच्या कर्करोगाने तो गेला, त्यास आता अकरा वर्षे झाली. त्याची पत्नी आमच्याच घरी असते. ज्या घरात त्याच्या तसबिरीस रोज फूल वाहिले जाते, त्याच घरात तंबाखूचे नाव मिरविणारी मोटार कोनाड्यात ठेवावयाची, ही कल्पना मला सोसेना. आणि पोराचा प्रश्न तर चुकीचा नव्हता. मी त्यास तीन दिवसांची मुदत मागितली आणि जुनी पुस्तके काढून बसलो.

प्रथम आठवले ते दायमाबाद. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी असलेल्या या गावी १९७४ साली झाडाचे खोड खणीत असता छबू लक्ष्मण भिल्ल या शेतकऱ्यास चार कांस्यमूर्ती सापडल्या. त्यांत हत्ती, गेंडा व रेडा होते, आणि चौथा होता दोन बैल जुंपलेला रथ. तो सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असून त्यावर उभा राहून बैल हाकणारा एक पुरुष आहे. साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीची ही कृती असावी, असे अनेक विद्वान मानितात. महाराष्ट्राच्या भूमीत सापडलेला गाडीचा इतका जुना व इतका देखणा नमुना दुसरा मला ठाऊक नाही. तो कोणी ओतला, कोणी ओतविला, त्या सारथ्याचे नाव काय, यांतील एकही अक्षर त्यावर नाही. शोधणाराचे नाव तेवढे आपल्या हाती आहे, आणि तेही सुदैवाने.

दुसरे आठवले शूद्रकाचे 'मृच्छकटिक'. त्याचे नावच मुळी मातीच्या खेळगाडीवरून पडले. चारुदत्ताचा लहान मुलगा शेजाऱ्याच्या सोन्याच्या गाडीसाठी रडतो. दासी त्याच्या हाती मातीची गाडी देते. वसंतसेनेस दया येते, आणि सोन्याची गाडी घडविण्यासाठी ती आपले दागिने त्यास देते. पुढे हेच दागिने भर न्यायसभेत मैत्रेयाच्या अंगावरून खाली पडतात आणि निरपराध चारुदत्तावरील खुनाच्या आरोपास पुरावा म्हणून उभे राहतात. ममतेने दिलेले धनसुद्धा लहानग्याच्या गाडीस जड झाले. मग नफ्यासाठी दिलेल्याची काय कथा?

तिसरे उदाहरण माझ्या दारातले. आमच्या कंधारच्या जुन्या तलावास 'जगत्तुंग समुद्र' म्हणतात. जगत्तुंग हे राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचे बिरुद. हजार वर्षे उलटली तरी ते बिरुद पाण्यावर तरंगत आहे; मात्र ज्यांनी टोपल्या वाहिल्या, त्यांतील एकाचेही नाव उरले नाही.

या तिन्हींतून मला एकच गोष्ट दिसली. पैसा देणाराचे नाव टिकते. घडविणाराचे आणि हाकणाराचे पुसले जाते. सिगारेटवाल्यांनी हे पक्के ओळखले होते. अमेरिकेत २ जानेवारी १९७१ पासून नभोवाणी व दूरचित्रवाणीवरील सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या, आणि त्याच वर्षी एका सिगारेटचे नाव नॅसकारच्या मुख्य मालिकेस लागले, ते २००३ पर्यंत राहिले. दारातून घालविलेली जाहिरात अशा रीतीने खिडकीतून घरात आली. आपण तरी कोठे निराळे होतो? १९९६ च्या क्रिकेट विश्वचषकाचे नावच 'विल्स वर्ल्ड कप' होते. तंबाखूच्या जाहिरातीस व प्रायोजकत्वास बंदी घालणारा कायदा आपल्याकडे २००३ साली झाला.

चौथ्या दिवशी मी नातवास हे सर्व सांगितले आणि म्हणालो, "नाव घाल, गाळलेला इतिहास हाही खोटाच इतिहास. परंतु गाडीखालच्या पाटीवर ते नाव तेथे का आले, हे सालासह लिहिले पाहिजे." त्याने ते मान्य केले. पहिला छाप आम्ही वाया घालविला. घरगुती छपाईची शाई पाण्यात विरते. आधी तीवर पारदर्शक लॅकरचे दोन पातळ हात द्यावे लागतात, हे आम्हांस ठाऊक नव्हते. शिवाय आमचे छपाईयंत्र पांढरा रंग छापीत नाही. म्हणून नावाखालची जागा अगोदर पांढरी रंगवावी लागली. दुसरा छाप मात्र नीट बसला.

गाडी कोनाड्यात ठेविली, तेव्हा भावाची पत्नी जवळ येऊन पाहू लागली. "एवढे कोणाकोणाचे लिहिले आहे रे?" तिने विचारिले. नातवाने एकेक नाव वाचून दाखविले. ते एक नाव वाचताना त्याचा आवाज खाली गेला, तरी त्याने लपविले नाही. ती काही वेळ उगीच राहिली. मग म्हणाली, "आणि गाडी हाकतो त्याचे नाव नाही का लिहीत?"

"लिहितात ना आजी, दाराच्या वर, लहान अक्षरांत."

"मग तेथे आमच्या ह्यांचे लिही."

नातवाने मजकडे पाहिले. मूळ गाडीवर तेथे दुसऱ्याचे नाव होते, आणि इतिहास बदलू नये, असा मी नुकताच उपदेश केलेला! परंतु कोऱ्या कागदाचा एक तुकडा शिल्लक होता. मी म्हणालो, "लिही. खालच्या पाटीवर मूळ चालकाचेही नाव लिही, म्हणजे झाले."

ती मोटार आता आमच्या कोनाड्यात आहे. कुशीवर ते सिगारेटचे नाव, आणि दारावर तांदळाएवढ्या देवनागरी अक्षरांत माझ्या भावाचे. येणारा जाणारा प्रथम मोठेच नाव वाचतो. मग मी त्यास जवळ बोलावितो आणि लहान नाव वाचावयास सांगतो.