टी कोरोना बोरेआलिस : एक तारा, दोन रकाने

सैन्यात असताना एका डोंगरी चौकीवर पहाटे क्षितिजावर दिसलेला उजेड मी वहीत 'गाडीचा दिवा' म्हणून नोंदवला. थोड्या वेळाने तो वर चढला, तेव्हा कळलं की हा तर शुक्र! चुकीचं नाव एकदा वहीत चढलं की पुढचे आडाखेही चुकतात. आज अशाच एका नोंदीची गोष्ट.

१२ मे १८६६. आयर्लंडमधल्या ट्यूअम गावाजवळ जॉन बर्मिंगहॅम यांना उत्तर मुकुट तारकासमूहात एक ठळक, अनोळखी तारा दिसला. विल्यम हगिन्स यांनी त्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. काही दिवसांतच तो नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला. नोंद झाली : नवतारा. फेब्रुवारी १९४६ मध्ये तो पुन्हा उजळला.

पण एरवी त्याच्या वर्णपटात थंड, तांबड्या राक्षसी ताऱ्याच्या खुणा आणि तप्त वायूच्या रेषा एकत्र दिसतात. हे सहजीवी ताऱ्याचं लक्षण. दोन तारे सुमारे २२८ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात. १९५८ साली रॉबर्ट क्राफ्ट यांनी वस्तुमान काढलं, तर गरम साथीदार चंद्रशेखर मर्यादेपेक्षा, म्हणजे सूर्याच्या सुमारे १.४ पटींपेक्षा, जड निघाला. एवढा जड श्वेत बटू असू शकत नाही. आणि श्वेत बटूच नसेल, तर नवताऱ्याचा स्फोट होणार कशाच्या पृष्ठभागावर? साधाच तारा शेजाऱ्याचा वायू गिळून उजळतो, असं काहींनी मांडलं. 'नवतारा' हे नावच धोक्यात आलं.

१९९२ साली सेल्व्हेली आणि सहकाऱ्यांनी उपग्रहाने टिपलेल्या अतिनील किरणांवरून दाखवलं, की तिथे श्वेत बटूच आहे. १९९८ साली बेल्चिन्स्की आणि मिकोलायेव्स्का यांनी नव्याने हिशेब केला : श्वेत बटू सूर्याच्या सुमारे १.२ पट. मर्यादा शाबूत, नवताराही शाबूत. चूक जुन्या मोजमापात होती.

मग हा नवतारा की सहजीवी? दोन्ही. फौजेच्या कागदावर हुद्दा आणि नेमणूक यांचे रकाने वेगळे असतात. 'सहजीवी' म्हणजे तो कुणासोबत राहतो, 'नवतारा' म्हणजे त्याच्या हातून काय घडतं.

१८६६ ते १९४६ ही ८० वर्षं. तोच हिशेब धरला, तर पुढची पाळी २०२६च्या आसपासची. उन्हाळ्यात गच्चीवरून स्वातीकडून अभिजितकडे नजर न्या. वाटेत ताऱ्यांचं अर्धवर्तुळ लागेल. पहारा तिथेच ठेवायचा. भेटू पुढच्या भागात.