धार लावणं आणि धार राखणं



मी बंगळुरूच्या इंदिरानगरमध्ये राहतो. इथून हलसूरचा तलाव जवळच. त्या तलावाच्या परिसरात इंग्रजांनी १८०९ पासून छावणी वसवली आणि मद्रास सॅपर्सचं केंद्र आजही तिथेच आहे. आजचा विषय आहे सुरीची धार. हाताने लावलेली धार चांगली की यंत्राने लावलेली, हा वाद घरोघरी चालतो. या वादातला एक मोलाचा साक्षीदार याच छावणीत राहून गेला, म्हणून सुरुवात तिथून.

त्याचं नाव कॅप्टन लुई एडवर्ड नोलन. इंग्रजांच्या १५व्या हुसार्स या घोडदळाचा अधिकारी. १८४०च्या दशकात ही रेजिमेंट बंगळुरूला होती. १८५३ साली घोडदळावरचं त्याचं पुस्तक लंडनमध्ये निघालं. त्यात निजामाच्या स्वारांची एक हकिगत आहे. संख्येने कमी असलेल्या या स्वारांनी रोहिल्यांच्या मोठ्या जमावाचा धुव्वा उडवला. डॉक्टरांचा अहवाल वाचून नोलन थक्क झाला. एकेका घावात हात तुटले होते, मुंडकी उडाली होती.

त्याला वाटलं, तलवारी काही खास असणार. चौकशी केली तेव्हा कळलं की पाती बहुतेक इंग्रजी घोडदळानेच मोडीत काढलेली! स्वारांनी त्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसवली होती, मुळापासून टोकापर्यंत वस्तऱ्यासारखी धार दिली होती आणि म्यान लाकडाचं केलं होतं. लढाईखेरीज तलवार उपसायची नाही, हा शिरस्ता. इंग्रज शिपायाची तलवार मात्र लोखंडी म्यानात. कवायतीत ती सारखी काढायची आणि घालायची, म्हणजे धार म्यानावर घासून मरायची.

हे स्वार आपल्याला परके नाहीत. निजामाच्या घोडदळाच्या छावण्या हिंगोलीला, मोमिनाबादला म्हणजे आजच्या अंबाजोगाईला आणि औरंगाबादला होत्या. त्या घोडदळाचा वारसा सांगणारी डेक्कन हॉर्स आज भारतीय सेनेत रणगाड्यांवर आहे.

नोलनच्या साक्षीतून मी एवढंच घेतो: पोलाद तेच, फरक राखण्यात होता. इंग्रजांची रीत १९१४ मध्येही फारशी बदललेली नव्हती. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं आणि अधिकाऱ्यांच्या तलवारी धारेसाठी रेजिमेंटच्या आर्मररकडे गेल्या. शांततेत बोथट ठेवायची आणि संकट आलं की दगडावर धरायची. बहुतेक स्वयंपाकघरांत सुरीचं हेच होतं. टोमॅटो चिरडायला लागला की धारेची आठवण येते.

आता आपल्याकडचा धारेचा माणूस, शिकलगार. शिकल म्हणजे शस्त्राला झिलई देणं. शब्द अरबी-फारसीतून आला. हे आडनाव आपल्याकडे मुसलमानांत आहे, हिंदूंतही आहे आणि शिखांत सिकलीगर आहेत. १८१८ साली पेशवाई बुडाली, १८७८ साली शस्त्रास्त्र कायदा आला, तलवारीला गिऱ्हाईक उरलं नाही. शिकलगाराचं चाक सुऱ्या, कात्र्या, विळ्या आणि कोयत्यांकडे वळलं.

चाक म्हटलं की गंमत लक्षात येते. आपण ज्याला ‘हाताची धार’ म्हणतो, तीसुद्धा बऱ्याचदा यंत्राचीच असते. दोरी ओढून, पायाने पॅडल मारून किंवा उभ्या सायकलवर चाक फिरवायचं, एवढाच फरक. खरी हाताची धार म्हणजे सहाणेवरची, निसण्यावरची, किंवा आजीने पायरीच्या दगडावर घासलेल्या विळीची.

जुनं ते सगळं सोनं होतं, असंही नाही. इंग्लंडमधलं शेफील्ड हे सुऱ्या-काट्यांचं गाव. तिथे वालुकाश्माच्या मोठ्या चाकांवर धार लावत. कोरड्या चाकावरची धूळ छातीत जाई आणि काटे घासणारे कामगार तरुण वयातच मरत. १८४३ मध्ये डॉ. कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी विजेच्या भट्टीत कार्बोरंडम तयार केलं. अशा कृत्रिम दगडांनी वालुकाश्माची जागा घेतली, तेव्हा तो धोका पुष्कळ कमी झाला. आपल्याकडे उरणजवळ मोरा इथे ग्राइंडवेलने १९४१ मध्ये असे दगड बनवायला घेतले, मद्रासला १९५४ मध्ये कार्बोरंडम युनिव्हर्सल आली. आज रस्त्यावरच्या शिकलगाराच्या चाकावरही कारखान्यातलाच दगड असतो.

मग मोटारीच्या चाकात खोट काय? उष्णता. पोलाद कडक करून झाल्यावर सुरीला साधारण १५० ते २०० अंशांवर पाणी देतात. वेगाने फिरणाऱ्या कोरड्या चाकावर पातळ कड काही सेकंदांत त्याच्या वर तापते. कड निळी पडली म्हणजे पारा ३००च्या आसपास पोचला. तेवढी जागा मऊ झाली. तिथली धार आठवडाभरही टिकत नाही. घरगुती विजेच्या यंत्रात चाकं छोटी, म्हणून तापणं कमी. पण त्याच्या खाचेचा कोन ठरलेला आणि दर खेपेला पोलाद जरुरीपेक्षा जास्त जातं. सुरी दिसते धारदार, पण वर्षागणिक अरुंद होत जाते.

आमच्या गोरखा पलटणींकडे याचं उत्तर आहे. खुकरीच्या म्यानात मागे दोन छोटी पाती असतात. कर्दा बारीक कामासाठी. दुसऱ्याचं नाव चकमक. त्याला धारच नसते. वापराने खुकरीची कड किंचित वळते, ती चकमकीने घासून सरळ करायची. पोलाद जवळजवळ खर्च होत नाही. कपाच्या बुडाची खरखरीत कड आपल्या घरात साधारण तेच काम करते.

म्हणून माझं मत असं. कड तुटली, खाचा पडल्या, तर चाक हवंच. फक्त पाणी मारत, हळू. धार नुसती मंदावली असेल तर निसणा आणि पाच मिनिटं पुरतात. धार लावणं कधीतरीचं काम आहे, राखणं रोजचं, आणि ते यंत्रावर सोपवता येत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. विजेच्या यंत्राच्या खाचेत विळी जात नाही. पाटाला जोडलेलं ते वाकडं पातं दगडावरच न्यावं लागतं, किंवा दगड त्याच्यापाशी आणावा लागतो. ते ज्याला जमतं तो शिकलगार अजून काही गल्ल्यांतून फिरतो. त्याला घरातल्या दोन सुऱ्या, कात्री आणि विळी वर्षातून दोनदा द्या. घासाघीस करू नका. चाकावर पाणी मारायला तेवढं सांगा.

जय हिंद.